जुनी मॅन्युअल लेन्स उघडून नवं ग्रीस भरणं: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीपाळखीतून माझ्याकडे जुन्या लेन्स येत असतात. कोणाच्या वडिलांच्या झेनिटवरची हेलिऑस, कोणाच्या लग्नं टिपायच्या दिवसांतल्या पेंटॅक्स के१०००ची पन्नास मिलिमीटर. तक्रार बहुतेक वेळा एकच असते, फोकसची रिंग जड झाली. त्यामागून येणारे प्रश्नही ठरलेले, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण खालची निम्मी उत्तरं तिच्याभोवतीच फिरतात. या कामात ग्रीस भरणं हा सोपा भाग आहे. अवघड आणि महत्त्वाचं आहे ते खुणा करणं. जो भाग सुटणार आहे त्यावर तो सुटण्याआधी खूण केलीत, तर लेन्स उघडायला भिण्याचं कारण नाही.

रिंग एवढी जड काहून होते? वापरली नाही म्हणून का?

न वापरल्यानं ग्रीस एका जागी थिजतं हे खरं, पण मूळ कारण वय आणि उष्णता. ग्रीस म्हणजे तेल भरलेला स्पंज समजा. साबणासारखा एक घट्ट पदार्थ तेलाला धरून ठेवतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं ते तेल हळूहळू सुटून निघून जातं आणि मागे राहतो मेणासारखा चिकट थर. रिंग फिरवताना तुमच्या बोटांना लागतो तो हाच. निघून गेलेलं तेल हवेत विरत नाही, ते लेन्सच्या आतच पसरतं आणि पुष्कळदा ॲपर्चरच्या (प्रकाशाचं भोक लहानमोठं करणाऱ्या) पात्यांवर जाऊन बसतं. म्हणून जड रिंग आणि तेलकट पाती हे दोन आजार जोडीनं दिसतात.

आपल्याकडची हवा या बाबतीत फार कठोर आहे. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं आणि २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंश. घरातल्या कपाटात एवढी टोकं गाठली जात नाहीत, पण पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत परिस्थिती वेगळी असते. माझ्याकडे आलेल्या सगळ्यात वाईट अवस्थेतल्या लेन्स माळ्यावरूनच उतरलेल्या होत्या.

माझी लेन्स खरंच उघडायची गरज आहे का?

आधी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रिंग सावकाश फिरवून पाहा.

सगळीकडे सारखीच जड असेल तर ग्रीस वाळलं आहे, उघडायला हरकत नाही. एकाच जागी अडत असेल तर ग्रीसचा दोष नाही. लेन्स कधीतरी पडली आहे, कुठलीतरी रिंग किंचित लंबगोल झाली आहे. नवं ग्रीस भरून ती अडचण जाणार नाही. करकर आवाज येत असेल तर आत रेती आहे. अशी लेन्स फिरवत बसू नका, प्रत्येक फेरीत आटे घासले जातात.

आणि रिंग मोकळी फिरते पण लेन्स पुढेमागे होत नाही, अशी लेन्स घेऊन लोक फार काळजीत येतात. तिथे बहुधा फोकसच्या रिंगमधले तीन बारीक स्क्रू ढिले झालेले असतात. ते आवळले की काम झालं. पण आवळण्याआधी इन्फिनिटी, म्हणजे अनंतावरचा (अगदी दूरचा) फोकस, जुळवून घ्या, ते कसं ते खाली सांगितलं आहे.

फटीतून दोन थेंब तेल सोडलं तर नाही चालणार?

नाही. शिवणयंत्राचं तेल नको, खोबरेल नको, डब्ल्यूडी-४० तर मुळीच नको.

तेल सोडल्यावर रिंग त्याच संध्याकाळी लोण्यासारखी फिरू लागते, त्यामुळे इलाज बरोबर होता असं वाटतं. पण पातळ तेल फटीफटीतून स्वतःहून सरकत जातं. काही आठवड्यांत ते पात्यांवर पोचतं, मग काचांच्या कडांवर. डब्ल्यूडी-४०चा मोठा भाग उडून जाणारा द्राव असतो. तो वाळलेलं ग्रीस सोडवतो, ते घेऊन आत पसरतो, मग उडून जातो आणि ती घाण नव्या जागी ठेवून जातो. महालातल्या एका काकांनी शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याकडून अशीच तेल सोडलेली लेन्स आणली होती. नुसतं ग्रीस बदलायला मला एक संध्याकाळ लागली असती. पात्यांवरचं आणि मधल्या काचांवरचं तेल काढायला तीन रविवार गेले.

शिकायला पहिली लेन्स कोणती घ्यावी?

तुमची लाडकी लेन्स नको. काचांवर ओरखडे असलेली, बुरशी लागलेली, कोणी विकत घेणार नाही अशी पन्नास मिलिमीटरच्या आसपासची साधी लेन्स घ्या आणि ती दोनदा उघडून दोनदा जोडा. हेलिऑस ४४-२ यासाठी मला आवडते. ती प्रीसेट ॲपर्चरची आहे, म्हणजे कॅमेऱ्याच्या इशाऱ्यावर झटकन मिटणारी स्प्रिंगची यंत्रणा तिच्यात नाही. आत भाग कमी, त्यामुळे चुकायच्या जागाही कमी.

झूम लेन्सपासून सुरुवात करू नका. आतून काचा सरकणाऱ्या मॅक्रो लेन्सपासूनही नको.

हत्यारं कोणती लागतात?

थोडीच लागतात, पण ती बरोबर मापाची असली पाहिजेत.

जपानी लेन्सवरचे प्लसच्या खाचेचे स्क्रू आपल्या नेहमीच्या फिलिप्स पेचकसानं उघडू नका. दिसायला खाच सारखी, पण ती जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाची असते. फिलिप्सचं टोक तिच्यात पूर्ण बसत नाही, जोर लावला की वर उचललं जातं आणि खाच खाऊन टाकतं. जेआयएसचे ० आणि ०० नंबरचे चांगले पेचकस घ्या. पैसे वाचवायचेच असतील तर दुसरीकडे वाचवा. रिंगमधल्या बिनडोक्याच्या बारीक स्क्रूंसाठी घड्याळजी वापरतात तसा सपाट टोकाचा बारीक पेचकस लागतो.

दोन खाचांच्या रिंगांसाठी लेन्स स्पॅनर हवा. तो वापरताना काचेवर मधोमध जाड कागदाची गोल चकती ठेवा. स्पॅनर एकदा ना एकदा घसरतोच, आणि घसरला की सरळ काचेवरून जातो. लेन्सचं नाव लिहिलेल्या पुढच्या रिंगला बऱ्याचदा खाचा नसतात. ती रबरी बूच टेकवून, दाबून फिरवायची.

बाकीचं सामान घरातच सापडतं. स्क्रू ठेवायला बर्फाचा ट्रे, जुना टूथब्रश, दातकोरण्या, टोकदार सुई, मऊ सुती फडकं, हवा मारायचा रबरी ब्लोअर. त्यात एक व्हर्नियर (बारीक अंतर मोजायचं साधन) असेल तर उत्तम. मोबाइल हाताशी असू द्या, प्रत्येक पायरीचा फोटो काढायचा आहे. पक्कड त्या खोलीतसुद्धा आणू नका. पकडीनं दाबलेली ॲल्युमिनियमची रिंग पुन्हा गोल होत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत करू का? तेव्हाच वेळ असतो.

मे महिन्यात करू नका असं मी सांगतो, आणि त्याचं मुख्य कारण कूलर आहे. कूलर लावला की खोलीत ओली हवा आणि वाळ्याचा किंवा लाकडी ताटीचा भुसा फिरत राहतो. तो उघड्या हेलिकॉइडवर (फोकसच्या आट्यांवर) आणि काचांवर बसतो. कूलर बंद केला तर घाम. घामाचं बोट काचेच्या कोटिंगवर पडलं तर तो डाग वेळीच पुसावा लागतो, नाहीतर कायमचा राहू शकतो. शिवाय साफसफाईचे द्राव त्या गरमीत भराभर उडतात आणि पेटायचा धोका वाढतो.

पावसाळ्यात दमट हवा आत कोंडून लेन्स बंद करण्यातही अर्थ नाही. आपल्याकडे सगळ्यात चांगले दिवस दिवाळीनंतरचे, ते होळीपर्यंत. हवा कोरडी, हात कोरडे. थंडीतल्या सकाळी नवं ग्रीस थोडं घट्ट वाटेल. म्हणून फिरकीचा अंदाज दुपारी घ्या, पहाटे नाही.

स्क्रू हलतच नाही. जोर लावू?

आधी थांबा. कारखान्यात पुष्कळ स्क्रूंना लाखेसारखा थर लावून ते पक्के केलेले असतात. दातकोरणीच्या टोकानं ॲसिटोनचा एक बारीक थेंब त्या स्क्रूच्या डोक्यावर ठेवा आणि दहा मिनिटं जाऊ द्या. मग पुन्हा एकदा तसंच. आजूबाजूच्या रंगाला आणि प्लास्टिकला ॲसिटोन लागू देऊ नका, ते दोन्ही विरघळवतं. यानं झालं नाही तर तापवलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक काही सेकंद स्क्रूवर टेकवा.

पेचकस वरून घट्ट दाबून धरायचा, फिरवायचा मात्र हलकेच. स्क्रूची खाच गेली की पुढचं सगळं काम तिथेच अडतं.

हेलिकॉइड म्हणजे नेमकं काय? सगळे त्यालाच एवढे काहून भितात?

तुम्ही फोकसची रिंग फिरवता आणि काचांचा गठ्ठा पुढे सरकतो. फिरण्याचं सरकण्यात रूपांतर करणारे जे आटे, ते हेलिकॉइड. बरणीच्या झाकणाला आटे असतात तसेच, पण दोन फरक आहेत.

पहिला फरक असा की आटा एक नसतो, अनेक आटे शेजारीशेजारी सुरू होतात. त्यामुळे अर्ध्या फेऱ्यात लेन्स बरीच पुढे येते. पण त्यामुळेच आतला भाग बाहेरच्या भागात बसवताना शिरायच्या जागा अनेक असतात. प्रत्येक जागी तो तितक्याच सहज शिरतो आणि तितक्याच गुळगुळीत फिरतो. त्यातली बरोबर जागा एकच.

दुसरा फरक असा की बहुतेक लेन्समध्ये असे दोन जोड असतात, एक उजवीकडे आणि एक डावीकडे वळणारा. पितळी चाव्या एका भागाला गोल फिरू देत नाहीत, फक्त सरळ सरकू देतात. म्हणून फोकस करताना पुढची काच फिरत नाही. याचा अर्थ सुटायच्या जागा दोन आहेत आणि खुणाही दोन लागणार.

चुकलं तर केवढं चुकतं, त्याचा हिशेब करून पाहा. ५० मिलिमीटरच्या लेन्सला अनंतावरून अर्ध्या मीटरवर फोकस आणायला साधारण साडेपाच मिलिमीटर पुढे यावं लागतं. पण अनंतावरून १०० मीटरवर यायला लागतात फक्त ०.०२५ मिलिमीटर. समजा आटा चुकल्यामुळे लेन्स अर्धाच मिलिमीटर पुढे बसली, तर अनंताच्या खुणेवर ५ मीटरवरचा माणूस स्पष्ट दिसेल आणि दूरचं सगळं धुरकट. म्हणून एवढी भीती.

आता करायचं काय ते सांगतो. माउंट (कॅमेऱ्याला जोडला जाणारा मागचा भाग), ॲपर्चरची रिंग आणि चाव्या काढून झाल्या की हेलिकॉइड एकदा अनंताच्या जागी आणा. सुईनं तिन्ही भागांवरून एक सरळ बारीक रेघ ओढा. फोटो काढा, व्हर्नियरनं खोली मोजा, आकडा कागदावर लिहा. मग एक जोड अगदी सावकाश उलटा फिरवत न्या. हलकीशी ओढ ठेवा आणि फिरवत राहा. एका क्षणी आटे सुटतील आणि भाग हातात येईल. नेमक्या त्या क्षणी थांबायचं, पुढे एक अंशही नाही. दोन्ही भाग तसेच धरून, सुटले त्या जागी दोघांवर समोरासमोर खूण करायची. पुन्हा फोटो. दुसऱ्या जोडालाही हेच सगळं, पण खूण वेगळी, म्हणजे पहिल्याला एक रेघ तर दुसऱ्याला दोन.

मार्करच्या खुणांवर भरवसा ठेवू नका. धुताना त्या सगळ्यात आधी जातात. धातूवरची सुईची रेघच टिकते.

चाव्या दोन असतील तर कोणती कोणत्या बाजूची तेही लिहा. दिसायला सारख्या असल्या तरी त्या आपापल्या खाचेत घासून बसलेल्या असतात. त्यांची अदलाबदल झाली तर फिरकी खरबरीत होते.

खूण न करताच सुटलं. आता?

घाबरू नका, काही तुटलेलं नाही. माझ्या पहिल्या लेन्सच्या वेळी माझ्याकडून हेच झालं होतं. चुकीच्या जोडणीमागून जोडणी करत अकराव्या प्रयत्नाला ती बरोबर बसली.

उपाय शिस्तीचा आहे. पहिल्या जोडावर कोणत्याही एका जागेला १ नंबर द्या आणि बाकीच्या शिरायच्या जागांना पुढचे नंबर. दुसऱ्या जोडावर अ, आ, इ. मग १-अ पासून सुरू करून प्रत्येक जोडणी चाव्यांसकट बसवून पाहा. रिंग पूर्ण फेरा फिरते का आणि अनंतावर दूरचं स्पष्ट दिसतं का, एवढंच तपासायचं. जे दिसेल ते लिहून ठेवायचं. पुष्कळ जोडण्या फिरतानाच अडतात, त्यामुळे खरी तपासायला लागणारी संख्या वाटते त्याहून कमी असते. बरोबर जोडणी मिळेपर्यंत ग्रीस लावू नका.

जुनं ग्रीस कशानं काढायचं?

लायटरमध्ये भरायचं द्रव सगळ्यात चांगलं. ते नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातलं व्हाइट पेट्रोल. पंपावरचं पेट्रोल नको, त्याचा वास आणि अंश दोन्ही मागे राहतात. शेवटचा हात आयसोप्रोपिल अल्कोहोलचा द्या, पण रंगवलेल्या आकड्यांपासून लांबच.

टूथब्रशनं आट्यांच्या दिशेनं घासा, मग प्रत्येक खाचेत दातकोरणी फिरवा. तारेचा ब्रश चालत नाही. पितळ असेल तिथे ग्रीस हिरवट दिसेल आणि ॲल्युमिनियम असेल तिथे काळं. काळ्या रंगात घासून निघालेल्या धातूची बारीक पूड असते, ती जरासुद्धा मागे राहू द्यायची नाही. फडकं पांढरंच राहील तोवर पुसा. शेवटी आटे भिंगाखाली पाहा, ब्रशचा एक केसही राहता कामा नये. कोरडे आटे हातानं फिरवून पाहिल्यावर कुठेही अडायला नको.

आणि हे कृपा करून मनावर घ्या. या द्रावांची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते. शेजारच्या खोलीत देव्हाऱ्यात दिवा लावलेला असेल, स्वयंपाकघरात गॅस चालू असेल, कोपऱ्यात डासांची कॉइल जळत असेल, तर काम सुरूच करू नका. गच्चीला लागून असलेली, खिडक्या उघड्या असलेली खोली निवडा.

कोणतं ग्रीस, आणि किती?

डॅम्पिंग ग्रीस मागा. लेन्सच्या रिंगला जी मखमली, किंचित ओढ लागणारी फिरकी असते ती या ग्रीसमुळे. जपान हॉबी टूलचं हेलिकॉइड ग्रीस १० आणि ३० नंबरमध्ये येतं, ३० जास्त घट्ट. आपल्या हवेसाठी आणि वापरून सैल झालेल्या आट्यांसाठी मी ३०कडे झुकतो. सुपर ल्यूबसारखं कृत्रिम ग्रीसही चालतं, फक्त रिंग जरा जास्तच हलकी लागते. छोट्या ट्यूबा ऑनलाइन मिळतात आणि एक ट्यूब कित्येक लेन्सना पुरते.

गाडीच्या बेअरिंगचं ग्रीस लावू नका, गरमीत त्यातून तेल सुटतं. व्हॅसलिन तर साधारण ४० ते ६० अंशांच्या दरम्यान वितळतं. मेमधली बंद कार त्या तापमानापर्यंत सहज पोचते.

प्रमाणाबद्दल बोलायचं तर नवशिक्यांच्या हातून ग्रीस नेहमी जास्त पडतं. आट्यांच्या दोन्ही बाजूंना ब्रशनं पातळ थर द्या, आटे बुडवायचे नाहीत. आटे झाकले गेले पण त्यांचा आकार स्पष्ट दिसतो आहे, एवढं बस. मग जोडून पंधरा-वीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा, कडेला जे बाहेर येईल ते पुसून घ्या. जास्त ग्रीसनं फिरकी घट्ट होत नाही. घट्टपणा ग्रीसच्या जातीतून येतो, जादा भरलेलं ग्रीस नुसतं बाहेर पडून पात्यांची वाट धरतं. चाव्यांच्या खाचेत अगदी पुसट बोट फिरवलं तरी पुरे.

ॲपर्चरच्या पात्यांना काय लावायचं?

काहीच नाही. पाती कोरडीच हवीत.

ऑटो ॲपर्चरच्या लेन्समध्ये शटर दाबताच पाती एका नाजूक स्प्रिंगच्या जोरावर मिटतात. तेलाच्या पातळ थरानं पाती एकमेकांना चिकटतात आणि स्प्रिंग हरते. मग एफ/८ ला काढलेले फोटो जास्तच उजळ येतात आणि दोष कॅमेऱ्याला दिला जातो. प्रीसेट लेन्समध्ये पाती तुम्ही हातानं फिरवता, म्हणून थोडं तेल असलं तरी काम अडत नाही. तिथे घाई नको.

पाती सुटी करू नका, निदान पहिल्या काही लेन्समध्ये तरी. एकात एक गुंफलेली ती पाती पुन्हा रचणं हे वेगळंच कौशल्य आहे. दोन्ही बाजूंच्या काचा काढून उरलेला भाग लायटरच्या द्रवात बुडवा, पाती उघडझाप करा, बाहेर काढून टिपकागदावर ठेवा. द्रव बदलून हेच चार-पाच वेळा करा. पूर्ण वाळेपर्यंत पाती फिरवू नका, ओली असताना ती ओढीनं वाकतात.

उघडलीच आहे तर काचाही साफ करून घेऊ का?

तक्रार फक्त जड रिंगची असेल तर काचांना हात लावू नका. धूळ पाहून जीव कासावीस होतो हे मला समजतं. पण थोड्या धुळीनं फोटोत काही फरक पडत नाही, आणि चुकीच्या पुसण्यानं आलेला ओरखडा कायमचा राहतो.

बुरशी असेल तर मात्र काढायला हवी, कारण तिच्यातून निघणारी आम्लं कोटिंग आणि मग काच खातात. काचा बाहेर काढताना प्रत्येकीच्या कडेवर पेन्सिलीनं बाण काढा, टोक पुढच्या दिशेला. निघाल्या त्या क्रमानं ओळीत ठेवा. मेडिकलमधल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये मऊ कापूस भिजवून हलक्या हातानं पुसा, नंतर डिस्टिल्ड वॉटर. बुरशी जाईल, पण तिनं आधीच खाल्लेल्या जागेचे पुसट ठसे राहू शकतात. ते घासून काढायचा प्रयत्न करू नका. दोन काचा चिकटवून केलेली जोडी कोणत्याही द्रावात बुडवायची नाही आणि सोडवायचीही नाही. काचेच्या काळ्या कडेला अल्कोहोल लागू देऊ नका, तो रंग सुटून काचेवर येतो.

ॲपर्चरची रिंग काढली आणि काहीतरी टिचकन उडालं.

तो छर्रा. प्रत्येक एफ-आकड्यावर जी टिकटिक लागते ती त्याची आणि त्याच्याखालच्या स्प्रिंगची. दीड मिलिमीटरच्या आसपासचा असतो. पंखा बंद करा, कोणाला चालू देऊ नका, मोबाइलचा टॉर्च फरशीला समांतर धरून शोधा. पुढच्या वेळी ही रिंग मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून, पिशवीच्या आतच उचला.

इन्फिनिटी घरच्या घरी कशी जुळवायची?

लेन्स तिच्या मूळ फिल्म कॅमेऱ्यावर लावा. मागचं दार उघडा, शटर बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं त्या खुणेवर) ठेवून उघडं धरा आणि फिल्म जिथे टेकते त्या आतल्या दोन पट्ट्यांवर अर्धपारदर्शक चिकटपट्टी ताणून लावा. तिच्यावर चित्र उमटेल, ते भिंगातून पाहा. ॲपर्चर पूर्ण उघडं हवं.

पाहायला काय घ्यावं? गच्चीवरून चंद्र सगळ्यात खात्रीचा. रात्री फुटाळा तलावाच्या काठावरून पलीकडचे दिवेही चालतात. दुपारची वेळ टाळा, तापलेल्या रस्त्यांवरची हवा थरथरते आणि कोणतीही लेन्स मऊच दिसते. चित्र सगळ्यात तीक्ष्ण झालं की फोकसच्या रिंगमधले तीन स्क्रू ढिले करा, आतला भाग हलू न देता नुसती रिंग फिरवून अनंताची खूण रेघेवर आणा आणि स्क्रू थोडे थोडे करून, आळीपाळीनं आवळा. अनेक लेन्समध्ये एवढंच पुरतं.

माझ्याकडे फक्त मिररलेस आहे. ॲडॉप्टरवर जुळवली तर?

नको. एम४२ (जुन्या, आट्यांच्या माउंटच्या) लेन्सला माउंटपासून फिल्मपर्यंत ४५.४६ मिलिमीटर अंतर लागतं. सोनी ई माउंटचं अंतर १८ मिलिमीटर, म्हणजे ॲडॉप्टर नेमका २७.४६चा हवा. पण अनंत नक्की मिळावं म्हणून बरेच ॲडॉप्टर मुद्दाम किंचित आखूड बनवतात. त्यावर लेन्स अनंताच्या पलीकडे जाते. तो लेन्सचा दोष नाही. ॲडॉप्टरच्या हिशेबानं लेन्स जुळवलीत तर ती मूळ कॅमेऱ्यावर चुकीची होईल. फिल्म कॅमेरा एका संध्याकाळपुरता कोणाकडून तरी मागून आणा.

काच चहासारखी पिवळी दिसते. ग्रीसमुळे?

नाही. सुपर-टाकुमार ५० मिलिमीटर एफ/१.४ च्या पुढच्या काळातल्या प्रतींसारख्या काही लेन्सच्या काचेत थोरियम आहे, आणि त्याच्या किरणोत्सारानं काच काळानुसार पिवळी पडते. अतिनील प्रकाशानं हा पिवळेपणा उतरतो. ऊन आपल्याकडे भरपूर, पण मेच्या उन्हात लेन्स ठेवलीत तर ग्रीस सुटेल, आणि भिंगातून एकवटलेलं ऊन पडदा पेटवू शकतं. अतिनील एलईडी दिव्याखाली काही दिवस ठेवा. लेन्स हाताळायला हरकत नाही, मात्र ती काच कधी घासू किंवा तासू नका.

केलेलं काम टिकावं म्हणून?

माळा नको, गाडी नको, चामड्याची जुनी पेटीही नको, तिच्यात ओल धरते. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून वाळवा. ४० ते ५० टक्के आर्द्रता चांगली. महिन्यातून एकदा लेन्स बाहेर काढा, रिंग दोन्ही टोकांना फिरवा, एक फोटो काढा.

सगळं जोडून झालं आणि एक स्क्रू उरला.

रिंग आता फिरवू नका. उरलेला स्क्रू बहुतेक वेळा चावीचा किंवा माउंटचा असतो. चावी एका स्क्रूवर लटकत असताना रिंग फिरवली तर ती वाकडी होऊन आटे ओरबाडते. स्क्रूची लांबी मोजा, फोटो शेवटून पहिल्याकडे पाहत जा. रिकामं भोक कुठल्यातरी फोटोत सापडेल.